तांदळाची नात

नागपुरात होळीची राख थंड होते न होते तोच घरोघरच्या जिन्याखालून कूलर बाहेर निघू लागतात. त्यासाठी कोणी दवंडी पिटत नाही. एका घरातून जुन्या गवताचा कुबट वास आला की दुसऱ्या दिवशी तो सगळ्या गल्लीतून येतो. मानेवाडा रोडच्या मागच्या लेआउटमध्ये राहणाऱ्या शालिकराम भोयर सरांचा कूलर आजवर दरवर्षी विक्की उचलत आला. विक्की हा शेजारच्या रुपरावजींचा मुलगा. तो रोज जिममध्ये जातो आणि तिथे कमावलेलं बळ गल्लीला दाखवायची त्याला वर्षातून एवढी एकच संधी मिळते. त्यामुळे तो हाक मारण्याआधीच हजर असतो.

या वर्षी सरांनी त्याला हाक मारली नाही. त्याचं कारण आतल्या खोलीत दुपट्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. सरांची मुलगी मेघा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि पंधरा दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती. घरात तिला सगळे छकुली म्हणत. सर आजोबा झाले खरे, पण नातीला त्यांनी अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं. "मान धरू दे आधी," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खरं म्हणजे ते घाबरत होते. बत्तीस वर्षं दहावीच्या वर्गाला चळचळा कापायला लावणारा हा विज्ञानाचा शिक्षक साडेतीन किलोच्या मुलीला घाबरत होता, आणि हे कबूल करायची सोय नव्हती. शेवटी त्या रविवारी त्यांनी मनाशी ठरवलं की आज नातीसाठी आपल्या हाताने कूलर लावायचा, मग आंघोळ करायची आणि स्वच्छ हातांनी तिला उचलायचं. सव्वा महिना झाला की जावई पियुष येऊन मायलेकींना पुण्याला नेणार होता. म्हणजे हाताशी जेमतेम तीन आठवडे उरले होते.

"अजी, विक्कीले बोलवा नं," स्वयंपाकघरातून सिंधूताई म्हणाल्या.

"कायले? तरफ म्हणजे काय ते मी पोरांले शिकवतो," सर म्हणाले.

तरफ शिकवणं वेगळं आणि स्वतः तरफ होणं वेगळं. सरांनी पाय जुळवले, गुडघे ताठ ठेवले, कंबरेत वाकले आणि कूलरच्या खाली बोटं घालून जोर लावला. कूलर दोन इंच उचलला गेला. त्याच वेळी कंबरेत काहीतरी चट्‌ झालं, कूलर खाली बसला आणि सर होते तसेच राहिले. थोड्या वेळाने सिंधूताई हात पुसत बाहेर आल्या.

"काय पाहून राहिले खाली?"

"फरशी," सर म्हणाले. खरोखरच त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

विक्कीने एका हाताने कूलर स्टँडवर चढवला आणि दुसऱ्या हाताने सरांना पलंगावर. यातला पहिला प्रकार सरांना विशेष झोंबला.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. आपल्याकडे एखाद्याचा बाप गेला तर लोक दोन शब्द बोलून जातात, पण एखाद्याची कंबर गेली तर बसून चहा घेतात. कोणी मिठाची पुरचुंडी शेकायला सांगितली, कोणी बिब्बा, कोणी गरम वीट. वीज मंडळातून निवृत्त झालेले रुपरावजी हे गल्लीतलं अंतिम न्यायालय. त्यांनी सरांच्या पलंगाला एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला.

"सर, चमक भरली. याले दवा नाही. याले पायाळूच पाह्यजे."

पायाळू म्हणजे जन्माला येताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. अशा माणसाने कंबरेला पाय लावला की चमक पळून जाते, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मानतात. अडचण अशी होती की भोयर सर दरवर्षी अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळेत अंधश्रद्धेवर भाषण देतात आणि त्यातला तिसरा मुद्दा पायाळू हाच असतो. "मुलांनो, माणसाच्या टाचेत कोणती ग्रंथी असते, की तिच्यातून औषध पाझरतं?" असं ते विचारतात, मुलं खो खो हसतात, आणि सर चष्मा काढून समाधानाने पुसतात. या वर्षीचं भाषण होऊन धड महिनाही झाला नव्हता.

"रुपरावजी, माह्या घरात हा शब्द काढायचा नाही," सर पलंगावरून म्हणाले. चेहरा उशीत असल्यामुळे दरारा तेवढासा बसला नाही.

"तुमी नका मानू. पण पायाळू सापडते कोठी आता?" रुपरावजी स्वतःच्याच दुःखात शिरले. "पहिले दर गल्लीत एक तरी राहे. आता पोट्टं उलटं दिसलं का डाक्टर सरळ सिझर करते. पायाळूंची पैदासच बंद पडली बाप्पा."

चहाचे कप गोळा करणाऱ्या सिंधूताई हे ऐकून क्षणभर थांबल्या आणि कप घेऊन आत निघून गेल्या.

तेवढ्यात विक्कीने मोबाइल पुढे केला. त्यात एक गोरा डॉक्टर एका धिप्पाड माणसाची मान धरून अशी काही मुरगाळत होता की घरातल्या बायकांनी डोळे मिटले. कडाक्‌ असा आवाज आला आणि तो माणूस रडत रडत डॉक्टरच्या गळ्यात पडला. "सर, याले कायरोप्रॅक्टिक म्हणते. आपल्या रोडवरच आहे एक मॅडम. सायन्स आहे हे," विक्की म्हणाला. सायन्स हा शब्द ऐकताच सरांनी उशीतून मान वर केली.

दुसऱ्या दिवशी सर रिक्षात आडवे होऊन दवाखान्यात पोचले. डॉक्टर दीक्षा मेश्राम तिशीतली, मूळची उमरेडची. तिचे वडील कोळशाच्या खाणीत होते. रोज संध्याकाळी ते कंबर धरून घरात येत आणि ती लहानपणी त्यांच्या पाठीवर उभी राहून चाले. त्या पाठीवरूनच ती फिजिओथेरपीच्या कॉलेजात गेली आणि पुढे कायरोप्रॅक्टिकही शिकून आली. सरांनी आत येताच शर्ट काढायला घेतला आणि मान पुढे केली, कारण व्हिडिओत तसंच होतं.

"थांबा सर, आधी बसा. बसवत नसेल तर उभे राहा. आपण बोलू."

आणि ती चक्क चाळीस मिनिटं बोलली. कळ पायात उतरते का, बोटं बधिर होतात का, लघवीला त्रास आहे का, ताप येतो का, झोप लागते का. तिने गुडघ्यांवर टकटक करून पाहिलं, पाय उचलायला लावला, टाचांवर चालवलं. एवढा नीट तपास सरांनी स्वतः कधी दहावीच्या पेपरचाही केला नव्हता. शेवटी तिने विचारलं, "तुम्हाला नक्की काय करता यायला हवं?"

"शाळेत परीक्षा आहेत. सुपरव्हिजन," सर भारदस्तपणे म्हणाले.

ती नुसती पाहत राहिली. कॉपी केलेल्या मुलाकडे सर जसे पाहत असत, तशी.

"नातीले उचलायचं आहे," सर हळूच म्हणाले. "अजून घेतलंच नाही मी तिले. पुण्याले जाते ती."

दीक्षाने कार्ड ओढलं आणि ध्येय या शब्दापुढे लिहिलं, 'नातीला उचलणे'. "हे बरं झालं. यावर काम करता येतं," ती म्हणाली. मग तिने सरांना कुशीवर झोपवलं, पाठीचे स्नायू थोडे चोळून सैल केले, दोन साधे व्यायाम दिले आणि झोपून न राहता रोज चालायला सांगितलं. शिवाय एक गृहपाठ दिला. "बाळाचं वजन साडेतीन किलो ना? मग साडेतीन किलो तांदूळ थैलीत भरा. चार दिवसांनी तो उचलायला लागा. पाय फाकवायचे, गुडघ्यात वाकायचं, वजन छातीशी धरायचं आणि मग उठायचं. तांदूळ जमला की नात."

"अन् कडाक्‌?" सरांनी विचारलं.

"आज नाही. आज पाठ घाबरलेली आहे."

घरी आल्यावर फाटकातच रुपरावजींनी गाठलं. "आवाज आला काय?" नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. पुढचे दोन दिवस गल्लीतला प्रत्येक माणूस हाच प्रश्न विचारत होता. एका बाईने तर "डॉक्टर नवीन असंन," असं म्हणून सरांच्या हातावर सांत्वनाचं थोपटलं. सरांनाही मनातून फसवल्यासारखं वाटत होतं.

पण खरा घोळ शाळेत झाला. रजेसाठी सरांनी दीक्षाची चिठ्ठी पाठवली होती. शाळेचे बडे बाबू भैय्याजी यांनी ती उलटसुलट पाहिली आणि फोन केला. "सर, हे कायरो काय आहे, आपल्या यादीत नाही. सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट पाह्यजे." दीक्षाला विचारलं तर तीही शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. कायरोप्रॅक्टिकची आपल्याकडे वेगळी नोंदणी नाही. माझी डिग्री फिजिओथेरपीची." आपल्याला सोयीचं नसलेलं इतक्या सहज सांगणारा माणूस सरांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

मग सर एका सरकारी दवाखान्यात गेले. आपल्याला बसता येत नाही याचा दाखला मिळवण्यासाठी ते तिथे लाकडी बाकावर तीन तास बसले. नंबर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ बसले होते?" सर खरं बोलले, बत्तीस वर्षांची सवय होती. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, 'रुग्ण तीन तास बसू शकतो.' भैय्याजींनी तो कागद फाइलला लावला आणि दुसऱ्या दिवसापासून सरांची सुपरव्हिजन लावली. सरांनी ती उभ्याने केली. एरवी भोयर सर खुर्चीत बसून पेपर वाचत हे ठाऊक असल्यामुळे मुलांना वाटलं, सर यंदा फारच कडक झाले.

तांदळाचा गृहपाठ मात्र सरांनी मनापासून केला. सिंधूताईंनी साडेतीन किलो तांदूळ मोजून थैलीत भरला आणि सर पलंगावरून, टेबलावरून, सोफ्यावरून तो उचलू लागले. नुसती थैली हातातून निसटते म्हणून त्यांनी तिला छकुलीचं जुनं दुपटं गुंडाळलं. मग मान सांभाळायची सवय व्हावी म्हणून एक बाजू मान ठरवली. आता दुपट्यातलं काही छातीशी आलं की हात आपोआप थोपटू लागतात. एके सकाळी रुपरावजी पेपर मागायला आले तेव्हा सर खिडकीशी उभे राहून तांदूळ थोपटत होते आणि हलक्या आवाजात त्याला सांगत होते, "ते पाहा, ते कडुनिंब." रुपरावजी पेपर न घेताच परत गेले आणि गल्लीत म्हणाले की चमक आता वर चढली आहे.

आठवड्याने दीक्षाने पुन्हा तपासलं. "आज करून पाहू," असं म्हणून तिने सरांना कुशीवर वळवलं, एक गुडघा दुमडला, खांद्यावर एक हात ठेवला, कंबरेवर दुसरा. "श्वास सोडा," ती म्हणाली, आणि सरांनी श्वास सोडला न सोडला तोच तिने नेमका, छोटासा झटका दिला. कडाक्‌! एवढ्याशा बोटांनी, घाई न करता, जिथे द्यायचा तिथेच दिलेला तो झटका बसताच सरांना त्यांच्या आईची आठवण झाली. ती अशाच एका ठोक्यात नारळाचे दोन सारखे भाग करायची. सर उठून बसले. कळ अर्ध्याने कमी होती.

"हाड जागेवर बसलं!" सर ओरडले.

"हाड हललंच नव्हतं सर. सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो, त्याचा हा आवाज. झटक्याने थोडे दिवस कळ कमी राहते. तेवढ्या दिवसांत तुम्ही चालायचं, व्यायाम करायचा. माझं काम इतकंच. आणि कूलर उचलायचा नाही."

यातलं शेवटचं वाक्य सरांनी ऐकलं नाही. घरी येताच त्यांनी फाटकातूनच जाहीर केलं, "आला आवाज!" लोक जमले. आवाज कसा आला, किती मोठा आला, हे सरांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी आपण किती बरे आहोत हे दाखवायला पाण्याची भरलेली बादली उचलली आणि कूलरमध्ये ओतायला गेले. पाय जुळवलेले, गुडघे ताठ. पुढचं सांगायला नको. या वेळी त्यांना फरशीसोबत सांडलेलं पाणीही दिसत होतं.

आता दहा दिवस उरले होते. आतल्या खोलीत छकुली रडली की सर पलंगावर पडल्या पडल्या मान वळवत. मेघा तिला घेऊन जवळ येई आणि त्यांच्या उशीशी ठेवी. छकुली त्यांचं बोट धरी, आणि सरांना वाटे की ही हातातून बोट सोडून पुण्याला जाईल आणि पुढच्या वेळी येईल तेव्हा चालत येईल. मग तिला उचलून घ्यायचं राहूनच जाईल. असं वाटून त्यांचे डोळे भरत आणि ते भिंतीकडे तोंड करत. वळताना कळ येई, म्हणून डोळ्यांतलं पाणी कळेच्या खात्यावर खपून जाई.

नेमकं या अवस्थेत रुपरावजींनी त्यांना गाठलं. "सर, सावनेरजवळ खाप्याले एक आहे. पंचफुलाबाई. पक्की पायाळू. माही गाडी आहे. चालता काय?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी फक्त निरीक्षणाले येतो."

विज्ञानात निरीक्षणाला बंदी नाही, हे त्यांनी सावनेर येईपर्यंत रुपरावजींना चार वेळा समजावून सांगितलं. कन्हान नदी दिसली तेव्हा ते पाचव्यांदा सांगत होते. खाप्यात विचारत विचारत ते एका अंगणात शिरले. दारात एक तरुण मुलगी गहू निवडत होती. तिने वर पाहिलं आणि ती ताडकन उभी राहिली.

"सर? तुमी? मी काजल! मामाकडे राहून तुमच्याच शाळेत होती दहावीले."

सर कंबर धरून वाकलेले होते, त्यामुळे लपायला जागा नव्हती. काजलने त्यांच्याकडे पाहिलं, रुपरावजींकडे पाहिलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं. हुशार मुलगी होती, विज्ञानात शहाण्णव होते.

"सर, तुमीच तं विचारलं होतं... टाचेत कोणती ग्रंथी असते म्हणून."

"मी निरीक्षणाले आलो आहे," सर म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काजल, कोण आलं वं?" बाजेवरून आवाज आला. ऐंशी पार केलेली एक म्हातारी तिथे आडवी होती. "लात पाह्यजे काय? आता नाही बाप्पा जमत. अख्ख्या खाप्याच्या कंबरा या पायानं बऱ्या केल्या. पण सहा महिने झाले, माहीच कंबर गेली. पाय उचलतो म्हटलं तं जीव जाते." आणि ती सरांकडे पाहत म्हणाली, "भाऊ, तुमी नागपूरचे. तिकडं कोणी पायाळू असंन तं पाहा नं माह्यासाठी. स्वतःचा पाय स्वतःच्या कंबरेले कसा लावू मी?"

सर तिच्याकडे पाहत राहिले. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "सहा महिने झोपूनच आहा?" त्यांनी विचारलं.

"हाव नं. सगळे म्हणते, आराम कर."

का कोण जाणे, सरांमधला शिक्षक एकदम जागा झाला. त्यांनी काजलला अंगणात गोधडी अंथरायला लावली, स्वतः तिच्यावर पाठ टेकून झोपले आणि दीक्षाने दिलेला पहिला व्यायाम करून दाखवला. मग दुसरा. "आता तुमी करा." म्हातारी हसली, कण्हली, पण तिने केलं. न समजल्यास सर पुन्हा उठत, पुन्हा झोपत, पुन्हा दाखवत. शेवटी त्यांनी तिला उभं केलं, काजलने एक हात धरला, सरांनी दुसरा, आणि सहा महिन्यांनी पंचफुलाबाई अंगणातून फाटकापर्यंत चालत गेली. फाटक धरून तिने रस्ता पाहिला. सायकलवरून जाणाऱ्या एका माणसाला तिने हाक मारून त्याच्या आईची विचारपूस केली. ती तिथेच उभी राहून बोलत राहिली आणि तिचं बोलणं संपेना. काजल सरांकडे ज्या नजरेने पाहत होती, त्या नजरेने भाषणाच्या वेळी कधी कोणी पाहिलं नव्हतं.

"सर, तुमी किती वेळा वाकले, मोजलं काय?" रुपरावजींनी गाडीत विचारलं. सरांनी मोजलं नव्हतं. पण आपण गाडीत सरळ बसलो आहोत हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

निघताना म्हातारी म्हणाली होती, "तुमच्या घरात कोणी उलटं जलमलं असंन तं त्याचा पाय लावा. ल्हान पोराचा पाय तं लय गुणाचा." घरी आल्यावर सरांनी ही गंमत सिंधूताईंना हसत हसत सांगितली. त्या हसल्या नाहीत. कपाटातून त्यांनी छकुलीचं दवाखान्यातून सुटीच्या वेळी दिलेलं कार्ड आणलं आणि बोट ठेवलं. तिथे इंग्रजीत लिहिलेलं होतं की बाळ पायाकडून होतं, म्हणून सिझर केलं. जन्माच्या दाखल्यासाठी याच कार्डाच्या तीन झेरॉक्स सरांनी स्वतः रांगेत उभं राहून काढल्या होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. इथे तर कळसा आतल्या खोलीत दूध पीत होता आणि सर खाप्याला जाऊन आले होते.

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं सगळ्या गल्लीच्या कंबरा माह्या दारात लायनीत लागल्या असत्या," सिंधूताई म्हणाल्या. "एवढीशी पोरगी ते. लोकांच्या पाठीवर पाय ठेवत हिंडन काय? अन् तुमचं ते भाषण. घरातच पायाळू निघाली म्हणून लोकं हसले असते तुमाले." ही बाई कधी सभेत बोलली नव्हती, पण बत्तीस वर्षांत सरांनी जेवढी अंधश्रद्धा भाषणांनी घालवली असेल, तेवढी तिने महिनाभर गप्प राहून घालवली होती. शिवाय त्यांची लाजही राखली होती. सरांनी हे तिला सांगितलं नाही. नुसतं, "चहा मी ठेवतो," एवढं म्हणाले. सिंधूताईंना त्यातून काय समजायचं ते समजलं.

दोन दिवसांनी दुपारी सर पोटावर झोपून व्यायाम करत होते. मध्येच डोळा लागल्यासारखं झालं. पावलांचा आवाज आला, बांगड्या वाजल्या आणि कंबरेवर काहीतरी टेकलं. दोन मऊ, गरम, बोराएवढ्या टाचा. त्या एकदा हलल्या, मग नीट जोरात एकदा झाडल्या गेल्या. "झालं गं माय," सिंधूताई कुजबुजल्या आणि पावलं हलकेच परत गेली. शालिकराम भोयर, विज्ञान शिक्षक, पूर्ण जागे होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

शेवटच्या तपासणीला त्यांनी दीक्षाला सगळं कबूल केलं. खापा, काजल, टाचा, सगळं. "आता खरं सांगा," ते म्हणाले. "बरी कशानं झाली?"

"खरं सांगू? बहुतेक कंबरा महिना-दीड महिन्यात आपोआपच बऱ्या होतात," दीक्षा म्हणाली. "माझ्या हातांनी मधले काही दिवस सोपे गेले असतील, तेवढ्यात तुम्ही हलायला लागलात. हललात म्हणून लवकर सुटलात. कोणी म्हणत असेल मीच बरी केली, तर त्याच्याकडे जाऊ नका. माझ्याकडेसुद्धा." मग ती हसली, तिने कार्ड ओढलं आणि 'इतर उपचार' या ओळीत लिहिलं, 'नात'. आपल्या हातातली कला एवढी चोख असून तिचं मोल इतकं कमी सांगणारी ही मुलगी पाहून सरांना वाटलं, विज्ञान दिनाचं भाषण पुढच्या वर्षी हिलाच द्यायला सांगावं. गल्लीत मात्र रुपरावजींनी सगळं श्रेय खाप्याच्या हवेला दिलं होतं.

सव्वा महिना झाला. पियुष आला, सामान बांधलं गेलं, फाटकात गाडी येऊन उभी राहिली. निरोपाला सगळी गल्ली जमली होती. सर आतून आले, पलंगापुढे उभे राहिले. पाय फाकवले, गुडघ्यात वाकले. छकुली आता साडेतीन किलोची नव्हती, चांगली सव्वाचार झाली होती, पण सरांनी तिला छातीशी धरलं आणि ते उठले. कळ आली नाही. छकुलीने त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं, मग जांभई दिली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तांदळाने असं कधी केलं नव्हतं. सर तिला घेऊन खिडकीशी गेले आणि म्हणाले, "ते पाहा, ते कडुनिंब."

पियुषने घड्याळ पाहिलं. मेघाने डोळे पुसले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

"द्या जी आता तिले," सिंधूताई म्हणाल्या. "पुण्याची गाडी सुटंन."

सर हलले नाहीत. छकुलीला थोपटत, मागे न वळता म्हणाले,

"मॅडमनं उचलाचं शिकवलं वं. खाली ठेवाचं नाही शिकवलं."